देवाचा कोप, धरणाचे पाणी आणि माळवदाचे ओझे

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञान, राजकारण आणि धर्म हे तीन विषय एका बैठकीत आले की चर्चेचे भांडण व्हायला वेळ लागत नाही. गावच्या पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात कार्यकर्त्याला याचा नित्य अनुभव येतो. म्हणून पुष्कळ कार्यकर्ते दोहोंपैकी एक वाट धरतात. काही जण असले विषय सरळ टाळतात. मोर्चा रेशनचा किंवा पीकविम्याचा असताना देवाधर्माचा वाद कशाला उकरून काढावा, असे त्यांचे म्हणणे असते. दुसरे काही जण वादात उतरतात, परंतु चार वाक्यांत समोरच्याला अडाणी ठरवून मोकळे होतात. पहिल्या वाटेने खोट्या समजुतीला अभय मिळते आणि दुसऱ्या वाटेने माणूस कायमचा दुरावतो. चळवळीचे नुकसान दोन्हीकडे होते.

वाद कसा करावा याचा विचार या देशात फार पूर्वी झालेला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे हे ठरविण्यासाठी, प्रमाणांचा आधार घेऊन दोन पक्ष बोलतात तो वाद. कोणत्याही उपायाने जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. सभागृहात, वर्तमानपत्रात आणि चौकात ज्याला आज वाद म्हटले जाते त्यातील बहुतांश भाग जल्प किंवा वितंडा असतो, हे सहज लक्षात येईल. न्यायशास्त्राची दुसरी शिस्तही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, आधी मांडायचे. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. ज्याला पूर्वपक्ष मांडता येत नाही त्याला उत्तर देण्याचा अधिकार नाही.

परंतु तर्कशास्त्राचा हा उपद्व्याप कार्यकर्त्याने कशासाठी करावा? याचे उत्तर किल्लारीत मिळते.

तीन उत्तरे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याची जमीन हादरली. नुकतेच गणपतीचे विसर्जन झालेले होते आणि दमलेली गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची खेडी काही सेकंदांत दगडमातीचे ढीग झाली. सरकारी मोजदादीप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसे दगावली. अन्य अंदाज दहा हजारांच्या घरात जातात.

एवढा संहार झाल्यावर माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'का?' हा. या प्रश्नाला तीन तऱ्हेची उत्तरे देता येतात आणि तिन्ही उत्तरे लोकांच्या मनात होती. हा देवाचा कोप आहे, हे एक उत्तर. जवळच्या धरणाने हे केले, हे दुसरे. घरेच माणसांच्या अंगावर आली, हे तिसरे. पहिले उत्तर धर्माच्या भाषेतले, दुसरे राजकारणाच्या भाषेतले आणि तिसरे विज्ञानाच्या भाषेतले आहे, असे वरवर पाहता वाटेल. तथापि उत्तर कोणत्या भाषेत दिले यावरून ते खरे की खोटे हे ठरत नसते. ते ठरवावे लागते पुराव्यावरून. आणि उत्तर चुकले की केवळ ज्ञान चुकते असे नाही. जबाबदारी चुकीच्या ठिकाणी जाऊन पडते आणि खरा दोषी निर्धास्त सुटतो. कार्यकर्त्याचा वादाशी संबंध येतो तो येथे.

गांधीजी आणि रवीन्द्रनाथ

'देवाचा कोप' हा पूर्वपक्ष हलका समजण्याचे कारण नाही. या देशातील एका फार मोठ्या माणसाने तो मांडलेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिणेत दौऱ्यावर होते. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली ही शिक्षा आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हेतू उदात्त होता आणि ज्या रूढीवर हा प्रहार होता ती रूढी खरोखरच पाप होती. तरीही रवीन्द्रनाथ ठाकुरांना ते विधान सहन झाले नाही. गांधीजींबद्दल त्यांना अपार आदर होता. तो न सोडता त्यांनी लेखी विरोध नोंदविला.

रवीन्द्रनाथांच्या म्हणण्याचा आशय दोन मुद्द्यांत सांगता येतो. नैसर्गिक आपत्तीची कारणे नैसर्गिक घटनांमध्येच असतात, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. भूकंपाला ईश्वरी शिक्षा ठरवायचे झाले तर ज्यांना अस्पृश्यता टिकवायची आहे असे सनातनी लोकही, हा गांधींच्या धर्मबाह्य चळवळीवरचा कोप आहे, असे तितक्याच सहजपणे म्हणू शकतील. म्हणजे जे हत्यार दोन्ही बाजूंना सारखेच चालविता येते त्याने काहीच सिद्ध होत नाही. पुराव्याची हीच कसोटी आहे. ज्या विधानाला कोणतीही घटना खोटे ठरवू शकत नाही ते विधान श्रद्धा म्हणून राहू शकेल, कारण म्हणून नाही.

गांधीजींनी काय केले हे येथे पाहण्यासारखे आहे. त्यांनी ठाकुरांचे टीकालेखन आपल्याच 'हरिजन' पत्रात, १६ फेब्रुवारी १९३४ च्या अंकात छापले आणि त्याच अंकात स्वतःचे उत्तर दिले. आपली श्रद्धा त्यांनी सोडली नाही. ती सिद्ध करून दाखविता येत नाही हेही त्यांनी लपविले नाही. या वादात तर्काच्या दृष्टीने रवीन्द्रनाथांची बाजू सरस होती, हे समाजवाद्यांनी निःसंकोच मान्य करावे. परंतु प्रतिपक्षाचे संपूर्ण म्हणणे आपल्या मुखपत्रात छापण्याची जी रीत गांधीजींनी पाळली ती कोणत्याही पक्षाच्या साप्ताहिकाला आजही आदर्श ठरेल.

मातीचा पुरावा

आता किल्लारीकडे परत वळू या. तेथील ढिगाऱ्यांची पाहणी अभियंत्यांनी आणि भूशास्त्रज्ञांनी केली, तेव्हा जे दिसले ते स्पष्ट होते. या भागातील जुनी घरे जाड दगडी भिंतींची, मातीच्या गाऱ्यात रचलेली. भिंतीला आत एक थर, बाहेर एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पसरलेली माती. तिची जाडी फूटभर, काही ठिकाणी दोन फूट. पावसाळ्यात माळवद गळू नये म्हणून घरोघर नवी माती टाकली जाई आणि जुनी काढली जात नसे. अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचे ओझे वाढत गेले. जमीन आडवी हलली तेव्हा भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि हे सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

उलट, त्याच गावांतल्या गवताच्या आणि पत्र्याच्या हलक्या झोपड्यांनी धक्का पुष्कळसा सोसला. अनेक घरांत भिंती ढासळूनही खणांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. पापपुण्याच्या हिशोबाने ही विभागणी समजत नाही. वजनाच्या आणि बांधणीच्या हिशोबाने समजते.

दुसरा पुरावा दूरचा आहे, पण निर्णायक आहे. किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. ऊर्जेच्या मापाने तो किल्लारीच्या सुमारे पाचपट मोठा होता आणि लाखो लोकांच्या वस्तीखाली झाला. तेथे मृत्यू झाले साठच्या आसपास. तीही पहाटच होती आणि माणसे तेथेही झोपेतच होती. भेद होता तो घरांचा, बांधकामाच्या नियमांचा आणि ते नियम पाळायला लागणाऱ्या पैशाचा.

'देवाचा कोप' हे उत्तर स्वीकारले की काय होते हे आता ध्यानात येईल. भिंत निर्दोष सुटते. खेड्यातील घरबांधणीकडे कधीच न पाहणारे शासन निर्दोष सुटते. चांगले लाकूड, चुना वा सिमेंट परवडत नाही म्हणून माणसाला माती डोक्यावर घेऊन झोपायला लावणारी अर्थव्यवस्था निर्दोष सुटते. आणि जो मेला तोच, कोणत्यातरी अज्ञात पापाचा धनी म्हणून, दोषी ठरतो. श्रद्धाळू माणसालाही हा अन्याय पटवून देता येतो. त्यासाठी त्याची श्रद्धा हिणवावी लागत नाही.

सोयीचे कारण

देवाच्या कोपाविरुद्ध पुरावा मागणे पुरोगामी कार्यकर्त्याला अवघड जात नाही. खरी परीक्षा पुढेच आहे. किल्लारीच्या जवळ माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. भूकंप या धरणाच्या पाण्याने घडविला, असे म्हणणारे अनेक होते. मोठ्या धरणांविरुद्ध, विस्थापितांच्या बाजूने लढणाऱ्या माणसाला हे उत्तर मनापासून हवेसे वाटणार. शासन आयतेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते.

हा पूर्वपक्षही निराधार नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप झाला, १८० च्या आसपास माणसे मेली, आणि जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते हे जगाने ज्या उदाहरणांवरून मान्य केले त्यांत कोयनेचे स्थान अग्रभागी आहे. परंतु कोयनेचा निष्कर्ष कशावर उभा आहे? धरण भरू लागल्यानंतर धक्के सुरू झाले, जलाशयाच्या पातळीतील चढउतार आणि धक्क्यांचे प्रमाण यांचा संबंध वर्षानुवर्षे नोंदला गेला, आणि त्या परिसरात धक्के दीर्घकाळ चालूच राहिले. माकणीचे धरण कोयनेच्या मानाने फारच बुटके आहे आणि कोयनेइतका स्पष्ट व टिकाऊ संबंध किल्लारीत प्रस्थापित झाला नाही. शास्त्रज्ञांत मतभेद झाले. तथापि भारतीय भूखंड उत्तरेकडे आशियाच्या पोटात रेटला जात असल्यामुळे द्वीपकल्पाच्या खडकांत साठत आलेला ताण एका जुन्या कमकुवत जागी मोकळा झाला, या स्पष्टीकरणाकडे बहुतेक अभ्यासकांचा कल राहिला.

अशा वेळी कार्यकर्त्याने काय म्हणावे? 'धरणाने भूकंप केला' असे सभेत ठोकून द्यावे काय? टाळ्या पडतील. पण ज्या कसोटीने देवाचा कोप नाकारला तीच कसोटी येथे गुंडाळून ठेवली, असा त्याचा अर्थ होईल. प्रामाणिक विधान इतकेच आहे: शक्यता तपासली गेली, पुरावा पुरेसा मिळाला नाही. धरणांविरुद्ध बोलण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. बुडालेल्या जमिनी आहेत, न मिळालेला मोबदला आहे, पाणी कोणाच्या उसाला जाते हा प्रश्न आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडून लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हाच प्रश्न उघडावाघडा समोर आला. जी बाजू खऱ्या मुद्द्यांवर भक्कम उभी आहे तिने कच्च्या मुद्द्याची उसनवारी करू नये. एक कच्चा मुद्दा खोटा ठरला की दहा पक्के मुद्देही लोक संशयाने पाहू लागतात.

नकाशाची चूक

येथे विज्ञानाचीही झडती घेतली पाहिजे, कारण विज्ञानाला देवघरात बसविणे हीदेखील एक अंधश्रद्धाच आहे. १९९३ मध्ये देशाच्या भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात लातूरचा परिसर पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा खडक अचल आहे, ही समजूत कोयनेच्या धक्क्यानंतरही पुरती गेलेली नव्हती. आणि १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यांत मोठा होता. लोकांना ते जाणवत होते, लोक ते बोलून दाखवीत होते. निरक्षर शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन जे सांगत होती ते नकाशा सांगत नव्हता.

म्हणजे विज्ञानही चुकले. परंतु चूक उघड झाल्यावर काय झाले? नकाशा बदलला. २००२ च्या सुधारित मानकात पहिला पट्टा रद्दच करण्यात आला आणि लातूरचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. विज्ञानाची प्रतिष्ठा पुराव्यापुढे मागे सरण्यात आहे. चूक न होण्यात नाही. अर्थात ही दुरुस्ती हजारोंच्या मृत्यूनंतर झाली, हे विसरता येत नाही. तज्ज्ञाच्या आणि सामान्य माणसाच्या अनुभवाची गाठ आधी पडली असती तर निदान भिंतींचा विचार सुरू झाला असता.

तथापि याचा अर्थ प्रत्येक हादरा हा महाभूकंपाचा दूत आहे असाही नव्हे. २००६ नंतर काही वर्षे नांदेड शहरात लहान धक्के आणि जमिनीखालचे आवाज जाणवत होते. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातील हासोरीत गूढ आवाजांनी लोक भयभीत झाले. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेडलाही जाणवले. अशा दिवसांत अफवांचे पीक येते; अमुक रात्री, अमुक वाजता भूकंप होणार, असे सांगणारे निघतात. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कोणापाशीही नाही, हे कार्यकर्त्याने ठामपणे सांगितले पाहिजे. पण त्याबरोबर 'घाबरू नका' एवढेच म्हणून घरी जाऊ नये. घराची भिंत पाहावी.

माणसांनी केलेले भूकंप

निसर्गाने केलेल्या संहारात जी चूक होते तीच माणसाने केलेल्या संहाराबाबतही होते. 'देवाने केले' याऐवजी तेथे 'त्या धर्माने केले' असे म्हटले जाते. याचाही दाखला या भूमीतच आहे.

रझाकार संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करणारा गृहस्थ होता. त्याच्या संघटनेने मराठवाड्यातील खेड्यांत जे केले त्याच्या आठवणी अनेक घरांत जिवंत आहेत. त्याच्या विरुद्ध बाजूला, अंगावर भगवी छाटी असलेले स्वामी रामानंद तीर्थ उभे होते. एके काळी त्यांनी कामगार चळवळीत ना. म. जोशींबरोबर काम केले होते. या संन्याशाच्या स्टेट काँग्रेसने १९३८ चा सत्याग्रह डिसेंबरात स्थगित केला. त्याच वेळी हिंदू महासभा आणि आर्य समाज यांचेही सत्याग्रह चालू होते आणि नागरी हक्कांच्या लढ्याला जातीय रंग चढण्याचा धोका होता. दुसरीकडे हैदराबादेत 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले आणि १९४८ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला. रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण शोएबुल्लाखानांच्या एका मृत्यूने खोटे ठरते.

येथवरचा इतिहास सभेत सांगणे सोपे आहे. पुढचा भाग अवघड आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठविले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. परंतु कारवाईच्या काळात व नंतर निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा अंदाज त्यांनी नोंदविला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचविल्याच्या नोंदीही त्या अहवालात आहेत. हा अहवाल दशकानुदशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ मध्ये तो अभ्यासकांना खुला झाला.

अंदाजाच्या आकड्यावर वाद होऊ शकतो आणि तो व्हावा. पण अहवालच नको, असे म्हणता येत नाही. मुक्तिसंग्राम हा मराठवाड्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. ज्याला आपल्या अभिमानाच्या विषयातील गैरसोयीचा पुरावा वाचवत नाही त्याने दुसऱ्याच्या धर्मग्रंथावर तर्क चालवू नये. रझाकारांचे गुन्हे रझाकारांच्या नावे आणि सूड घेणाऱ्यांचे गुन्हे सूड घेणाऱ्यांच्या नावे लिहिले, तरच दोन्हीकडचे निरपराध लोक इतिहासाच्या पिंजऱ्यातून बाहेर येतील.

श्रद्धा आणि दावा

राहता राहिला धर्म. नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे, जिल्ह्यात माहूरगडावर रेणुका आहे, कंधारला दर्गा आहे. लक्षावधी माणसे तेथे जातात, मन हलके करून परततात. त्यांच्याशी वाद घालायला निघालेला कार्यकर्ता वाद कशाशी घालायचा हेच समजलेला नाही. 'येथे आल्याने मला धीर येतो' हे माणसाच्या अनुभवाचे विधान आहे. 'या औषधाने कर्करोग बरा होतो' हा जगाविषयीचा दावा आहे. पहिल्याला पुरावा लागत नाही. दुसऱ्याला पुराव्याखेरीज एक पाऊलही पुढे जाऊ देता कामा नये.

डॉ. नरेंद्र दाभोलकर हा फरक आयुष्यभर सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर चारच दिवसांनी निघाला. आणि त्या अध्यादेशाखाली राज्यातला पहिला गुन्हा नोंदला गेला तो नांदेडला, सप्टेंबर २०१३ च्या पहिल्या आठवड्यात. कर्करोग, मधुमेह, एड्स यांवर चमत्कारी औषध असल्याची जाहिरात करणाऱ्या दोघांवर तो होता. जादुई उपचारांच्या जाहिरातींना बंदी करणारा १९५४ चा कायदाही त्यांना लावण्यात आला. हा कायदा एका धर्माविरुद्ध आहे असा प्रचार अहोरात्र झाला होता. प्रत्यक्षात पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना कायद्याने हात लावलेला नाही आणि पुढील काळात निरनिराळ्या धर्मांच्या भोंदूंवर त्याखाली गुन्हे नोंदले गेले. येथेही प्रश्न जबाबदारीचाच आहे. रोगी मेला तर 'त्याचे नशीब' म्हणून विक्रेता सुटतो, आणि गावाजवळ धड दवाखाना का नव्हता हा सवाल कोणीच विचारीत नाही.

कार्यकर्त्याची पथ्ये

वैज्ञानिक दृष्टी आणि जिज्ञासा जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, असे राज्यघटनेच्या ५१-अ कलमात लिहिलेले आहे. १९७६ च्या ज्या घटनादुरुस्तीने ते आले ती आणीबाणीतली. जिज्ञासा हे कर्तव्य ठरले तेव्हा प्रश्न विचारणारे तुरुंगात होते आणि वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते. शासनाने दिलेल्या वचनावर जिज्ञासा जगत नाही, ती लोकांनी चालविली तरच जगते, हा त्यातला धडा आहे.

त्यासाठी कार्यकर्त्याने काही पथ्ये पाळावीत. वादापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडून दाखवावे. समोरच्याचे विधान श्रद्धेचे आहे की दाव्याचे, हे आधी ठरवावे. कोणता पुरावा मिळाला तर स्वतःचे मत बदलेल, हे स्वतःला विचारावे. उत्तर 'कोणताही नाही' असे आले तर तो वाद नव्हे, जल्प आहे हे ओळखून थांबावे. सोयीच्या बातमीला गैरसोयीच्या बातमीपेक्षा दुप्पट तपासावे. आणि दुःखात असलेल्या माणसाशी आधी माणूस म्हणून बोलावे, तर्क नंतर सांगावा.

ही पथ्ये अव्यवहार्य नाहीत. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली आणि त्याखेरीज लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले गेले. त्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रयत्नाने खेड्यापाड्यांतील महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. शासनाची योजना काय, भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का कमी करायची, हे त्या घरोघरी बोलल्या. आणि घरातल्यांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत त्यांनीच नेल्या. देव आहे की नाही हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही. तरी कोपाची जागा कारणाने घ्यावी यासाठी जे करायला हवे ते त्यांनी केले.

लातूर-नांदेडच्या खेड्यांत जुनी माळवदे अजूनही आहेत. पुढच्या महिन्यात पक्षाचे कार्यकर्ते सभासद नोंदणीसाठी गावोगाव जातील. पावतीपुस्तकाबरोबर त्यांनी एक प्रश्नही न्यावा आणि उत्तर वहीत लिहून आणावे: या घराच्या डोक्यावर माती किती आहे, आणि ती उतरवायला पैसे कोणापाशी मागायचे?